उशिरा येणारा सूर

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या माडीवरून रोज रात्री एक ओवी ऐकू येत असे. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आणि त्याच्या साथीला पेटी. दहाच्या सुमारास सुरू व्हायची आणि अकरा-साडेअकरापर्यंत तीच दोन चरणांची ओवी पुन्हा पुन्हा. नालवाडी आता वर्ध्याला जवळजवळ चिकटली असली तरी त्या वेळी आमचा रस्ता शांत असतो, त्यामुळे ऐकायचे नसले तरी ऐकावे लागे. प्रथम वाटले, भजनी मंडळाची तालीम चालली असेल. पण चार-पाच रात्रींनंतर एक गोष्ट लक्षात आली. तालमीत माणूस दर वेळी वेगळी चूक करतो. इथे ती बाई दर वेळी त्याच शब्दाला, तितकीच मागे राहत होती. पेटी पुढे जाऊन पोचलेली असे आणि बाई मागून येई.

मग एका रात्री ती चूक नाहीशी झाली. आवाज आणि पेटी अगदी बरोबरीने चालू लागली. मला बरे वाटायला हवे होते, कारण रोजचा खडा निघाला होता. पण उलटेच झाले. ओवी कुणीतरी इस्त्री करून ठेवल्यासारखी वाटू लागली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सरळ माडी चढून वर गेलो.

"या न काकाजी," म्हणत शेजाऱ्यांच्या मुलाने खुर्ची सरकवली. वय बावीस-तेवीस. खोलीत पेटी नव्हती आणि गाणारी बाईही नव्हती. एक लॅपटॉप, हेडफोन आणि दोन सप्तकांचा एक छोटा कीबोर्ड, ज्यातून स्वतःचा असा आवाजच निघत नाही. बाईचा आवाज त्याच्या आजीचा होता. आजी गेली त्याला वर्ष होत आले होते. १९९४ साली त्याच्या आत्याच्या लग्नात हळद दळताना तिने म्हटलेली ओवी कोणीतरी कॅसेटवर उतरवून घेतली होती. ती कॉम्प्युटरवर घेऊन, खाली पेटीची साथ घालून, वर्षश्राद्धाला जमणाऱ्या नातेवाइकांना ऐकवायची असा त्याचा बेत होता.

मी पडद्याकडे पाहिले. डाव्या कडेला पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकीवर एक रचलेल्या, त्यांच्या उजवीकडे गणिताच्या वहीसारखे आखीव चौकोन आणि चौकोनांत रंगीत आडव्या पट्ट्या. पट्टी जितकी वर तितका सूर चढा, जितकी लांब तितका टिकाऊ. पेन्सिलीचे चित्र निवडून रिकाम्या चौकोनात टिचकी मारली की नवा सूर जन्माला येतो. टोक धरून ओढला की लांबतो, उचलून वरच्या ओळीत ठेवला की चढतो, नको असेल तर पुसून टाकता येतो. प्रत्येक सुराच्या खाली एक उभी काडी असते, तिच्या उंचीवरून तो किती जोराने वाजायचा ते ठरते. या पाटीला पियानो रोल म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपोआप वाजणारे पियानो असत, त्यांत भोके पाडलेली कागदाची गुंडाळी फिरे. कागद गेला, नाव राहिले.

"म्हणजे पेटीचा आवाज तू इथे भरून ठेवला आहेस?" मी विचारले.

"नाही काकाजी, याच्यात आवाज नाहीच आहे. कोणता सूर, केव्हा, किती जोरानं, अन् कधी थांबायचं, एवढंच लिहिलं आहे. वाजवणारा वेगळा असते."

हे ऐकून मला एकदम आपल्या गल्लीत आल्यासारखे झाले. सदतीस वर्षे मी बँकेत काढली. चेक म्हणजे पैसे नव्हेत, हे नव्या खातेदाराला समजावताना आमचा निम्मा दिवस जाई. चेक हा हुकूम: अमक्याला, अमक्या तारखेला, इतके द्या. पैसे देणारा वेगळा. या पद्धतीचे नाव मिडी, आणि मिडीतला सूर हा असाच एक चेक आहे. तोच चेक पेटीवर काढा, बासरीवर काढा, सनईवर काढा. मजकूर तोच, वटवणारा बदलतो. म्हणूनच चार मिनिटांच्या गाण्याची मिडी फाईल एवढीशी असते. प्रत्यक्ष आवाज साठवायचा तर सीडीच्या दर्जाला मिनिटाला दहा मेगाबाइट जागा लागते. इथे नुसत्या नोंदी असल्याने सगळे गाणे काही किलोबाइटांत मावते.

गंमत अशी की मी बँकेत लागलो त्याच वर्षी, १९८३ साली, ही पद्धत जगापुढे आली. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या कीबोर्डची भाषा वेगळी होती, एकाचे दुसऱ्याला समजत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी या दोन कारखानदारांनी पुढाकार घेऊन सर्वांसाठी एक बोली ठरवली. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली आणि एकावर दाबलेली पट्टी दुसऱ्यावर वाजली. दोघांनी ती बोली मालकीहक्क न सांगता खुली ठेवली. २०१३ साली त्यांना त्याबद्दल ग्रॅमी मिळाले. बोली अगदी साधी आहे. सुरांना ० ते १२७ असे क्रमांक, पियानोच्या मधल्या 'सी'चा क्रमांक ६०, जोरालाही १२७ पर्यंतच पायऱ्या. एक नोंद तारेतून जायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. २०२० साली या बोलीची अधिक बारीक पायऱ्यांची नवी आवृत्ती आली, पण जुनी अजूनही सर्रास चालते.

आता त्या मुलाची अडचण. त्याने लय ठरवली, पेटीचे सूर एकेक करून चौकोनांत बसवले. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, तिला क्वांटाइझ म्हणतात. तुमचा सूर चौकोनाच्या रेघेपासून थोडा अलीकडे-पलीकडे पडला असेल तर ती त्याला ओढून नेमका रेघेवर बसवते. पेटी त्यामुळे घड्याळासारखी झाली. पहिला चरण जमला. दुसऱ्या चरणात मात्र आजी एका शब्दाशी अडायची. दोन वस्तू जुळत नसतील तर त्यातली एक हलवावी लागते. पेटी तर मोजून-मापून बसवलेली. मग त्याने आजीला हलवले. आवाजाच्या फिती ताणण्या-आखडण्याचीही आता सोय आहे.

"आजी लेट येत होती न, म्हणून तिला ग्रीडवर घेतलं," तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, उलट माया होती. आजी लोकांसमोर चुकलेली दिसू नये, एवढेच त्याच्या मनात होते.

मी म्हटले, मूळचे ऐकव. त्याने आधी खरखर काढून साफ केलेली प्रत ऐकवली. मी म्हटले, त्याच्याही आधीचे. तेव्हा तो गप्प झाला. साफ केलेली फाईल त्याने मूळ फाईलवरच सेव्ह केली होती. कॅसेट हिंगणघाटला आत्याकडे होती, म्हणजे असावी.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी लेजरवर असताना एका खात्यात आकडा चुकला. कोणाला कळू नये म्हणून मी दाढीच्या ब्लेडने तो खरवडला आणि वर सुबक अक्षरात बरोबर आकडा लिहिला. आकडा खरोखरच बरोबर होता. पण आमच्या अकाउंटंटनी पान उजेडापुढे धरले आणि माझ्याकडे असे पाहिले, की ती नजर अजून विसरलेलो नाही. चुकीवर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि अधिकाऱ्याची सही घ्यायची. चूक लपवायची नाही, कारण तिच्यात माहिती असते. चूक कुठे झाली यावरून कशी झाली ते कळते, आणि कधी कधी ती चूकच नव्हती असेही निघते.

कॉम्प्युटरला ही शिस्त ठाऊक नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही चूक. मिडीतला सूर हलवला की तो जणू पहिल्यापासून तिथेच होता. कागदावर ओरखडा राहतो, इथे तोही नाही. काम चालू आहे तोवर 'अनडू' असते. फाईल बंद केली की बहुतेक वेळा तेही संपते.

आमच्या महाराष्ट्राला आखीव सुरांचा प्रश्न नवा नाही. पेटी इथे युरोपातून आली, बारा पट्ट्या घेऊन. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, डेप्युटी कलेक्टर राहिलेले गृहस्थ, यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावरून श्रुतींची मोजमापे घेतली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या मदतीने श्रुतींची पेटीही झाली. ती काही रुजली नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला तीन दशके लागली. कारण हेच की पेटीला मींड येत नाही, सूर जागचा हलत नाही. आणि तरीही त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी नाव मिळवले, 'मानापमान'च्या चाली दिल्या, आणि आज पेटीशिवाय आपले कीर्तन सुरू होत नाही. वाद्य आखीव असले तरी बोटे आखीव नव्हती. भाता किती दाबायचा, पट्टी कधी सोडायची, गायकाच्या मागे किती अंतर ठेवायचे, हे माणूस ठरवत होता. साथीची पेटी गायकाच्या किंचित मागून येते, पुढे धावत नाही, हे कुठल्याही साथीदाराला विचारा. माडीवरच्या त्या पेटीला नेमके तेवढेच शिकवलेले नव्हते.

यंत्राला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. रविवारच्या पुरवण्यांत आम्ही लेखक मंडळी ते नेहमीच करतो. पण याच क्षेत्रात एक उदाहरण असे आहे की ते वाचून माझे मत बदलले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपेन हे अभ्यासक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यांच्यासाठी बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कायद्याचे नियम कॉम्प्युटरला सांगायचे, त्याने त्यावरून नवे पलटे तयार करायचे आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद सांगणार: हा चालेल, हा चालणार नाही. चालणार नाही म्हटले की नियम बदलायचा. पुढे हाच प्रोग्रॅम मिडीवरून वाद्ये वाजवू लागला. यातली मला भावलेली गोष्ट म्हणजे शेवटचा शब्द कुणाचा हे पहिल्यापासून ठरलेले होते. बेल यांचा पुढचा प्रवास तर आपल्याच अंगणातला. हेमा राइरकर आणि गी पॉतवँ यांनी मुळशी खोऱ्यापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. त्यांच्या जपणुकीत आणि ध्वनिमुद्रणात बेल यांचा हात होता. २०१७ पासून 'परी' या संस्थेच्या माध्यमातून त्या ओव्या जगापुढे येत आहेत. बोल मोजणाऱ्या माणसानेच जात्याची घरघर टेपवर जपली.

आता दुसरी बाजू. 'माणसाच्या चुकीतच कलेचा आत्मा असतो' हे वाक्य हल्ली फार स्वस्त झाले आहे, आणि नालवाडीत राहणाऱ्या माणसाने ते उच्चारताना जरा विचार करावा. १९३२ च्या डिसेंबरात विनोबा इथे राहायला आले आणि १९३८ साली पवनारला जाईपर्यंत इथेच होते. केवळ सूतकताईच्या मजुरीवर जगता येते का, हे त्यांनी इथे स्वतःवर करून पाहिले. हातसुताच्या ओबडधोबडपणाचे खादीच्या लोकांनी कधी कौतुक केले नाही. सुताचा अंक पाहत, कस पाहत, समानता पाहत. जाड-बारीक सूत आले तर विणकराच्या हातात तुटते, हे त्यांना माहीत होते. असमान सूत म्हणजे आत्मा नव्हे, कच्चा हात. तसेच बेसूर भजन हे बेसूरच असते, आणि शिकाऊ मुलाने क्वांटाइझ लावून स्वतःची पेटी सरळ करून पाहिली तर त्यात पाप काही नाही, आपण कुठे घसरतो हे त्याला डोळ्यांना दिसते. जुन्या काळी हे सांगायला गुरुजींची छडी लागे.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ही घसरण आहे की हे मुद्दाम थांबणे आहे, हे ओळखायचे कुणी? सिनेमाचा अनुभव पाहा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोवेकर अरेंजर मुंबईच्या स्टुडिओत सूर कागदावर लिहीत, तो कागद पाहून डझनांनी व्हायोलिनवाले वाजवत आणि प्रत्येकाचा सूर दुसऱ्यापासून केसभर वेगळा पडे. ऐकणाऱ्याला भरदारपणा जाणवे तो त्या केसभर फरकामुळे. १९९० च्या दशकात कीबोर्ड आणि कॉम्प्युटर स्टुडिओत शिरले, एकच माणूस सगळ्या वाद्यांचे सूर चौकोनांत भरू लागला आणि त्या वादकांची रोजी बुडाली. यावर फारसे कुणी लिहिले नाही. २०१६ साली 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन जिवंत वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्याची बातमी झाली. ज्यांना परवडते ते माणसांकडे परत जातात. बाकीच्यांच्या हातात पेन्सिलीचे चित्र.

आणि हे बाकीचे म्हणजे आपणच आहोत. वर्धा जिल्ह्यात भजनी मंडळ नाही असे गाव शोधावे लागेल. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने इथल्या दोन पिढ्यांना ताल शिकवला. त्यांतल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांचे आवाज कॅसेटवर, मोबाइलवर पडून आहेत, आणि घरोघरची पोरे आता ते 'नीट' करायला बसली आहेत. करू द्यावे. पण माझे ठाम मत आहे की घराघरांनी, मंडळांनी आणि शाळांनीही एक नियम पाळायला हवा: मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत आधी वेगळी काढायची, तिच्यात घरघर, खोकला, कुत्र्याचे भुंकणे जे असेल ते राहू द्यायचे, आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करायची. गाणारे माणूस हयात असेल तर दुरुस्त प्रत आधी त्याला ऐकवायची. याला पैसे लागत नाहीत. एक पेन ड्राइव्ह आणि थोडा संकोच, एवढे पुरे.

मुलगा पुढच्या आठवड्यात हिंगणघाटला जाऊन आला. कॅसेट मिळाली. ती वाजवायला यंत्र मिळेना, ते वर्ध्यात एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे निघाले. आम्ही दोघे ऐकायला बसलो. आजीच्या आवाजाखाली जात्याची घरघर सारखी चालली होती, जी त्याने खरखर म्हणून पुसून टाकली होती. दुसऱ्या चरणात त्या शब्दाच्या जरा आधी घरघर जड झाली, अडली आणि मग एक कट् असा आवाज होऊन पुन्हा सुटली. पुढच्या ओवीत पुन्हा तेच.

"हळकुंड," मी म्हणालो. लग्नाची हळद दळताना सबंध हळकुंडे जात्याच्या तोंडात टाकतात. आजी घास टाकत होती, हळकुंड फुटेपर्यंत जाते जड जाई आणि ते सुटले की ती शब्द उच्चारी. लय जात्याची होती. ती उशिरा येतच नव्हती. आणि आम्ही दोघे मात्र अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालो होतो. तो तिला चुकलेली समजून आणि मी तिच्या त्या थांबण्याला उगाच हुरहूर वगैरे समजून.

मुलाने सगळे पुन्हा मांडले. या खेपेला आजीचा आवाज जागच्या जागी ठेवला, घरघरीसकट. चौकोनांना चिकटण्याची सोय बंद केली आणि पेटीचा एकेक सूर हाताने सरकवत तिच्या मागे नेऊन ठेवला. जिथे जाते अडते तिथे पेटीचा आधीचा सूर त्याने लांबवला, आणि त्याच्या खालच्या काडीची उंचीही कमी केली. आजीचा गंधार कोमलही नव्हता आणि शुद्धही नव्हता. त्यासाठी सूर वाकवायची सोय वापरावी लागली. दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली, एवढ्या अंतरात तिथे १६,३८४ पायऱ्या असतात. देवलांना त्या पाहून बरे वाटले असते. पेटीवर असा गंधार वाजत नाही, म्हणून ती पेटी आता जराशी सारंगीसारखी ऐकू येते. त्याला चालते. मलाही. काम संपायला अकरा रात्री लागल्या.

वर्षश्राद्धाला आत्या आली होती. ओवी लागली तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, बाहेर आली नाही. नंतर मुलाला एवढेच म्हणाली, "ते जातं आमचंच आहे न रे?"

मूळ कॅसेटची प्रत आता एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. फाईलचे नाव त्याने ठेवले आहे, 'मूळ – हात लावू नये'. मी त्याला तारीख घालायला सांगितली.